पीएच ८ च्या खाली येत नाही? बाटली बाजूला ठेवा, आधी केएच बघा

पीएच ८.२ आलाय, मासे मरतील का, काय टाकू? मुंबईत फिश टँक ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच आणि बहुतेक जण सरळ दुकानात जाऊन पीएच डाऊनची, म्हणजे पीएच उतरवणाऱ्या ॲसिडची, बाटली घेऊन येतात, चार थेंब टाकतात, संध्याकाळी ७ दिसतो, खूष होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर परत ८. मग परत चार थेंब. या खालीवर करण्यात माशांचे जे हाल होतात तेवढे गुपचूप ८.२ मध्ये राहून झाले नसते. त्यामुळे आधी ती बाटली बाजूला ठेवा. पीएच खाली येत नाही याचा अर्थ त्याला वर धरून ठेवणारं पाण्यात काहीतरी आहे, आणि ते म्हणजे केएच.

जास्त केमिस्ट्री नको पण एवढं लागेलच. पीएच म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. जीएच म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती ते, ज्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही ते हेच. केएच म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट किती ते. दोन्ही डिग्रीत मोजतात, १ डिग्री म्हणजे साधारण १७.९ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). ढोबळ हिशोबात ४ पर्यंत मऊ, ८ पर्यंत मध्यम, १२ च्या पुढे जड. केएचचं काम एकच, पाण्यात पडलेलं ॲसिड खाऊन टाकायचं. तुम्ही पीएच डाऊन टाकता तेव्हा ते ॲसिड आधी केएचशी भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने तेवढ्यापुरता पीएच खाली दिसतो आणि रात्रभर एअर पंप चालला की तो गॅस उडून जातो, पीएच परत जागच्या जागी. केएच १० असेल तर हे कित्येक दिवस चालेल, पण प्रत्येक वेळी थोडा थोडा केएच संपत असतो बरं का, आणि ज्या दिवशी तो तळाला लागतो त्या दिवशी त्याच चार थेंबांनी पीएच धाडकन ५ वर जातो. सकाळी उठून बघाल तर अर्धा टँक उलटा.

आता मोजायचं कसं. टेस्ट स्ट्रिपवर फार विसंबू नका, मुंबईच्या दमट हवेत डबी दोनदा उघडली की त्या बिघडायला लागतात. थेंबांची किट घ्या. केएचच्या किटमध्ये ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, रंग निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं, जेवढे थेंब तेवढ्या डिग्री, एवढं सिंपल. जीएचचं पण तसंच, फक्त रंग केशरीचा हिरवा होतो. पीएच किटमध्ये मात्र एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. साधी पीएच किट बऱ्याचदा ६ ते ७.६ एवढंच दाखवते, म्हणजे तुमचं पाणी ८.४ असलं तरी ट्यूबमध्ये तोच ७.६ चा गडद निळा रंग येणार आणि तुम्ही म्हणणार ठीक आहे की. सगळ्यात वरचा रंग आला तर हाय रेंजची वेगळी किट लागते, ७.४ ते ८.८ वाली. डिजिटल पेन घेतलं असेल तर त्याच्यासोबत आलेल्या पुड्यांनी कॅलिब्रेट करत राहा, आणि पेनचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, त्याने सेन्सर खराब होतो. आणि टीडीएस मीटर म्हणजे हार्डनेस मीटर नव्हे, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, मीठ पण. किनाऱ्याजवळच्या बिल्डिंगमध्ये बोअरचं पाणी मचूळ असतं, तिथे टीडीएस ९०० दाखवेल पण त्यातला मोठा भाग मीठच असेल.

मोजताना वेळ एकच ठेवा. टँकमध्ये झाडं असतील तर दिवसभर लाइटखाली ती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि संध्याकाळी पीएच सकाळपेक्षा चांगलाच वर दिसतो. एकाने सकाळी मोजायचं आणि एकाने रात्री आणि मग घरात वाद, असं नको.

पुढचा प्रश्न, हे जड पाणी आलं कुठून? कारण बीएमसीचं पाणी मुळात जड नाही. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, हे सातही तलाव पावसाने भरतात आणि त्यांचं पाणी सहसा मऊच असतं. म्हणजे तुमच्या किटने केएच १४ दाखवला तर दोष तलावाचा नाही, तलाव आणि तुमचा नळ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. बहुतेक वेळा सोसायटीत. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की टँकर येतो, टँकरचं पाणी बऱ्याचदा विहिरीचं नाहीतर बोअरचं असतं, ते खाली सक्शन टँकमध्ये बीएमसीच्या पाण्यात मिसळतं आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत. काही बिल्डिंगमध्ये किचनला बीएमसीची लाइन आणि बाथरूम-फ्लशला बोअरची लाइन असते आणि लोक टँकचं पाणी भरतात बाथरूममध्ये, कारण बादली तिथे मावते! आधी दोन्ही नळांचं पाणी वेगवेगळ्या ग्लासात घेऊन केएच-जीएच टेस्ट करा. दोन आकड्यांत फरक दिसला तर तुमचा अर्धा प्रॉब्लेम एक पैसा न घालवता सुटला. सेक्रेटरीला विचारण्यापेक्षा वॉचमनला विचारा, टँकर कधी येतो, बोअर कुठल्या लाइनला जोडलंय, हे त्याला पक्कं माहीत असतं.

अजून एक टेस्ट करून बघा. नळाचं पाणी भरल्या भरल्या पीएच मोजा, मग तेच पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवा आणि परत मोजा. पीएच वर गेला, समजा ७.२ चा ८.१ झाला, तर ते बोअरचं पाणी असण्याची शक्यता जास्त, कारण जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो निघून गेला की खरा पीएच समोर येतो. उलट ताज्या पाण्याचा पीएच ९ आणि दुसऱ्या दिवशी ८ च्या आत आला, केएच पण कमीच, तर टाकी नवी बांधलीय किंवा नुकतंच वॉटरप्रूफिंग झालंय का ते बघा. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढवतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की तो उतरतो. अशा पाण्याला काही उपाय नको, एक दिवस एअर देऊन वापरा, काही महिन्यांनी टाकीतून चुना उतरणं आपोआप कमी होतं. नळाचा खरा पीएच कुठला धरायचा तर २४ तासांनंतरचा, ताज्या पाण्याच्या आकड्यावर काही ठरवू नका.

नळाचं पाणी मऊ निघालं आणि टँकचं जड, तर मग चोर टँकमध्येच आहे. पांढरे संगमरवरी खडे, कोरलचे तुकडे, अलिबागहून हौसेने आणलेले शंख-शिंपले, हे सगळं कॅल्शियम कार्बोनेट, हळूहळू विरघळत राहतं आणि केएच-जीएच वाढवत राहतं. दगड-खडे बाहेर काढा, कोरडे करा, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि कानाजवळ धरून ऐका, बारीक फसफस झाली तर ते टँकमध्ये नको. व्हिनेगर तसं सौम्य असतं, कधी कधी बुडबुडे डोळ्याला दिसत नाहीत पण आवाज येतो. आपला सह्याद्रीचा काळा दगड बिनधास्त चालतो, फक्त त्याच्या पोकळीत पांढरे-पारदर्शक स्फटिक असतील तर त्यांच्यावर वेगळा थेंब टाका, त्यातले काही कॅल्साइटचे असतात. आणि एक सवय सोडा, पाणी आटलं की नुसती वरून भर घालायची. आटतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, वर जड पाणीच ओतत राहिलात तर टँकमधलं पाणी महिन्यागणिक जड होत जाणार. भर घालायची ती आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने, आणि पाणी बदलणं वेगळं चालूच ठेवायचं.

एवढं सगळं करून पाणी जडच निघालं तर स्वतःला एक प्रश्न विचारा, मासे कुठले ठेवायचेत? कारण गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणीच आवडतं, मॉली तर मऊ पाण्यात नीट राहतच नाही. मलावी लेकचे आफ्रिकन सिक्लिड ७.८ ते ८.६ मध्ये मजेत असतात, लोक त्यांच्यासाठी मुद्दाम कोरल टाकून पीएच वाढवतात. गोल्डफिशला काही फरक पडत नाही. फायटर, गुरामी, फार्ममध्ये वाढलेले एंजल ८ पर्यंत जुळवून घेतात. खरी अडचण येते ती डिस्कस, रॅम, कार्डिनल, निऑन यांची, त्यातही ब्रीडिंग करायचं असेल तेव्हा. माझं मत विचाराल तर पहिला टँक असेल आणि पाणी जड असेल तर गप्पी-प्लॅटी ठेवा आणि मोकळे व्हा, पाण्याशी भांडायला पुढे भरपूर वर्षं आहेत. बाय द वे, पिण्यालायक पाणी म्हणजे माशांना चालणारं पाणी असं समजू नका, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक हार्डनेस २०० पीपीएमपर्यंत योग्य मानतं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं, म्हणजे ११ डिग्रीपासून ते थेट ३३ डिग्रीपर्यंत. डिस्कसला विचारून ठरवलेलं नाही ते.

तरीही पाणी मऊ करायचंच असेल तर पक्का उपाय एकच, आरओचं पाणी मिसळायचं. केएच आणि जीएचचा हिशोब सरळ असतो, नळाचा केएच १२ आणि आरओचा जवळपास ० असेल तर निम्मं-निम्मं केल्यावर ६, एक भाग नळ आणि दोन भाग आरओ केलं तर ४. पीएचचा हिशोब असा सरळ होत नाही, त्याच्या मागे लागू नका, केएच खाली आला की तो आपोआप येतो. दोन फुटी टँक धरा, २ बाय १ बाय १, पूर्ण भरला तर ५६ लिटर, खडे आणि वरची मोकळी जागा सोडून ४५ च्या आसपास खरं पाणी. आठवड्याला २० टक्के बदललं तर ९ लिटर, म्हणजे अर्धी बादली, त्यात साडेचार लिटर आरओ आणि साडेचार नळाचं. असं केल्यावर टँकचा केएच पहिल्या आठवड्यात १२ वरून १०.८ होतो, मग ९.८, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत साधारण ८ वर येतो. स्लो वाटेल, पण हाच स्पीड बरोबर आहे, कारण माशाला पीएचच्या आकड्यापेक्षा क्षार एकदम कमी-जास्त झालेले जास्त बाधतात. एका दिवसात ५० टक्के आरओ ओतून मोकळे होणारे लोक दुसऱ्या दिवशी विचारतात मासे कोपऱ्यात का बसलेत.

घरच्या आरओमध्ये दोन गोष्टी तपासा. एक, नुसता यूव्ही प्युरिफायर असेल तर त्याने हार्डनेस एक थेंबभरही कमी होत नाही, तो फक्त जंतू मारतो. दोन, बऱ्याच आरओ मशीनमध्ये शेवटी मिनरल कार्ट्रिज असते किंवा टीडीएस ॲडजस्टर असतो, म्हणजे मशीन आधी क्षार काढते आणि मग चवीसाठी थोडे परत घालते. सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याला कार्ट्रिजच्या आधी एक टी आणि छोटा कॉक लावून द्यायला सांगा, तिथून टँकचं पाणी घ्या. मशीनच्या ड्रेन पाइपमधून जे पाणी वाया जातं ते मात्र टँकमध्ये चुकूनही नको, त्यात काढलेले सगळे क्षार असतात, ते लादी पुसायला. घरी आरओ नसेल तर २० लिटरचा जार पण चालतो, फक्त जार आणल्यावर टीडीएस मीटर बुडवून बघा, प्रत्येक सप्लायरचं पाणी वेगळं असतं.

शंभर टक्के आरओ करू नका. केएच ३ च्या खाली गेला की पीएचला धरायला काही उरत नाही, आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खातच असतात, त्यामुळे तो रोज थोडा घटतो. कमी झालाच तर साधा खायचा सोडा, ५० लिटरला चहाचा एक सपाट चमचा म्हणजे केएच ३ डिग्रीने वाढतो, पण एकदम नाही, दोन-तीन दिवसांत वाटून घाला.

पावसाळ्यात तर मऊ पाणी फुकटात मिळतं. जून ते सप्टेंबर मुंबईत जेवढं पडतं तेवढं तुमच्या टँकला दहा वर्षं पुरेल. पहिले काही जोरदार पाऊस जाऊ द्या, हवेतली धूळ-धूर धुवून निघू दे, मग गच्चीवर स्वच्छ प्लॅस्टिकचा टब उघड्यावर ठेवा, थेट आकाशातून पडलेलं पाणी घ्या. पत्र्यावरून किंवा डांबर मारलेल्या स्लॅबवरून ओघळलेलं नको, कबुतरांनी वर काय काय केलेलं असतं ते तुम्हाला माहितीये. साठवलेल्या ड्रमला घट्ट झाकण लावा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील आणि बीएमसीवाले येऊन नोटीस देतील ती वेगळीच. एसीच्या पाइपचं पाणी पण मऊ असतं म्हणून लोक वापरतात, मी तरी सांगेन नको, ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून आणि त्यावरच्या घाणीवरून ओघळत येतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना अगदी थोडं असलं तरी मारतं.

आता बदामाची पानं. सोसायटीत, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, सगळीकडे ते झाड आहे, लाल होऊन आपोआप गळलेली पानं घ्या, ज्या झाडावर औषध फवारलेलं नाही त्याची, धुवा, वाळवा, टँकमध्ये टाका. पाणी चहासारखं होतं, फायटरला आवडतं, पानातले टॅनिन चांगलेच असतात. पण केएच १२ असताना पानांनी पीएच उतरेल ही आशा सोडा, दहा पानं टाका नाहीतर पन्नास, आकडा फारसा हलत नाही. केएच आधी आरओने ४ च्या आसपास आणा, मग पानं, ड्रिफ्टवूड, पीट मॉस यांचा परिणाम दिसतो. नर्सरीत मिळतं ते कोकोपीट, ते नारळाच्या काथ्याचं, ते पीट मॉस नव्हे, हे पण लक्षात असू द्या. प्लांटेड टँकची ॲक्टिव्ह सॉइल केएच शोषते खरी पण जड पाण्यात तिची ताकद लवकर संपते आणि ती माती स्वस्त नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला तर पीएच उतरतो, हार्डनेस आहे तेवढाच राहतो.

घरगुती उपायांपैकी लिंबू, व्हिनेगर, चिंच, तुरटी, यातलं काही नको. लिंबा-व्हिनेगरमधलं ॲसिड बॅक्टेरिया दोन दिवसांत खाऊन टाकतात, पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि पीएच परत वर. तुरटीने केएच खरंच उतरतो, पण पाण्यात ॲल्युमिनियम जातं आणि पाणी आम्ल झालं की ते माशांच्या कल्ल्यांना त्रास देतं. आणि सोसायटीने सॉफ्टनर प्लांट बसवलाय म्हणून खूष होऊ नका, मिठाने चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, जीएच ० दिसेल, केएच आणि पीएच जिथल्या तिथे. गिझरसाठी बेस्ट, डिस्कससाठी नाही.

जास्त पीएचमध्ये खरा धोका अमोनियाचा असतो आणि याबद्दल लोक बोलतच नाहीत. २५ डिग्री तापमानात पीएच ७ ला पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ९ ला तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. पाणी गरम तेवढं हे प्रमाण अजून वाढतं, आणि मे महिन्यात आपला टँक ३० च्या आसपास असतोच. म्हणजे मऊ पाण्यात खपून जाणारा जास्तीचा दाणा जड पाण्यात मासे मारतो. खायला कमी द्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, अमोनियाची किट घरी ठेवा. टँकर चालू असलेल्या दिवसांत प्रत्येक बादलीचा केएच आधी मोजा आणि एका वेळी १० टक्क्यांच्या वर पाणी बदलू नका.

कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटहून नवीन मासे आणले की पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान एक करा, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या आणि एअर पाइपला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब, तासाभरात बादलीतलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं पाहिजे. कोळंबीला दोन तास द्या. ऑनलाइन मागवलेले, रात्रभर पिशवीत बंद असलेले मासे असतील तर मात्र एवढा वेळ लावू नका, पिशवी उघडली की कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि आत साठलेला अमोनिया विषारी व्हायला लागतो, तिथे तापमान जुळलं की लगेच जाळीने मासे टँकमध्ये. दोन्ही वेळा पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नाही.